दातांची तार आणि तोंडातील पेशी : भीती किती, वस्तुस्थिती किती?

वाकडे दात सरळ करण्यासाठी मुलांच्या दातांना तार बसविण्याची पद्धत आता चाळींतून, वस्त्यांतून सर्रास दिसू लागली आहे. कुणी तिला तार म्हणते, कुणी क्लिप, तर शिकलेली मुले ब्रेसेस म्हणतात. पूर्वी ही बंगल्यातल्या मुलांची चैन समजली जाई. आज गिरणी कामगाराची नात, सफाई कामगाराचा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीची मुलगीही तार लावून शाळेत जाते. आई-बाप पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याहप्त्याने पैसे भरून हा खर्च करतात. आपल्या लेकराने चार लोकांत तोंडावर हात न धरता बोलावे, मोकळेपणाने हसावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

परंतु तार बसली की तिच्या पाठोपाठ शंकाही घरात येतात. "तारेतला धातू लाळेत उतरतो म्हणे!" "तोंडातल्या पेशी खराब होतात." "पुढे कॅन्सर होतो." शेजारीण सांगते, मोबाईलवर निरोप फिरतो, आणि घरातले वातावरण बदलते. काही पालक घाबरून निम्म्यावरच उपचार सोडून देतात. भरलेले पैसे बुडतात, हललेले दात अर्धवट जागी राहतात आणि मुलीच्या मनाला कायमची खंत लागते. उलट काही जण "काही होत नाही हो" म्हणून प्रश्नच उडवून लावतात. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. धातू सुटतो हे खरे आहे. पेशींवर त्याचा परिणाम दिसतो हेही संशोधकांनी नोंदविलेले आहे. पण तो किती, किती दिवस आणि त्याचा अर्थ काय, हे समजून घेतल्याशिवाय घाबरणेही चूक आणि निष्काळजी राहणेही चूक.

आम्ही डॉक्टर नाही. कारकुनी करणारी, हिशेब तपासणारी माणसे. पण वस्तीत काम करताना हा प्रश्न आम्हाला अनेक माता-भगिनींनी विचारला, म्हणून या विषयावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा जमाखर्च आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे

माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. थेंबभर लाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात असंख्य पेशी दिसतात. त्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात.

पहिल्या म्हणजे गालाच्या आतील, ओठाच्या, जिभेच्या अस्तरातून सुटलेल्या चपट्या पेशी. भिंतीचा जुना चुना जसा पापुद्र्यापापुद्र्याने गळतो, तशा या जुन्या पेशी रोज गळत असतात आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. गालाच्या आतले अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवे होते. जीभ चावली किंवा गरम चहाने टाळू पोळली तरी ती किती लवकर भरून येते, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. त्याचे कारण हेच.

दुसऱ्या म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी. या रक्तातून हिरड्यांच्या कडेने तोंडात येतात. जंतूंशी लढणे हे त्यांचे काम. हिरड्या निरोगी असतील तर त्या कमी असतात. हिरड्या सुजल्या, दातांवर कीटण साचले, की त्यांची संख्या वाढते. गावात दंगा झाला की पोलिसांच्या गाड्या वाढतात, तसाच हा प्रकार.

थोडक्यात, तोंडात काय चालले आहे याची खबर लाळेतील पेशी देतात. सुई टोचावी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. आईस्क्रीमच्या चमच्यासारखी लाकडी पट्टी किंवा मऊ ब्रश गालाच्या आतून फिरविला, की पेशी हाती येतात. म्हणूनच तारेचा परिणाम तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी या पेशींची निवड केली.

तारेत असते काय?

दातांवर चिकटविलेले छोटे चौकोनी तुकडे आणि दाढेला घातलेली कडी ही बहुधा स्टेनलेस स्टीलची असतात. आपल्या स्वयंपाकघरातील ताट-वाटी ज्या जातीच्या स्टीलची, जवळपास त्याच जातीचे हे स्टील. त्यात लोखंडाबरोबर साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असते. या तुकड्यांतून ओवलेली तार मात्र सुरुवातीच्या महिन्यांत बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. तिच्यात निम्म्याहून अधिक वजन निकेलचे. ही तार वाकविली तरी पुन्हा मूळ आकारावर येऊ पाहते आणि त्या ओढीनेच दात हळूहळू सरकतात. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत हा मिश्रधातू तयार झाला आणि १९७० च्या दशकात तो दातांच्या उपचारात आला.

स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार करते. पण तोंड ही धातूच्या दृष्टीने कठीण जागा. तेथे सतत ओल असते, क्षार असतात, कधी गरम चहा तर कधी थंड सरबत, आणि जंतूंनी तयार केलेले आम्ल तर रात्रंदिवस. त्यात ब्रशचे घासणे आणि चावण्याचा दाब. थर जेथे खरचटतो तेथून धातूचे अतिसूक्ष्म कण लाळेत उतरतात. डाग लावून जोडलेल्या कड्या असतील तर त्या डागातील चांदी, तांबे, जस्तही थोडे सुटते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर अशा डाग लावलेल्या जोडांचा त्रास साध्या स्टीलपेक्षा जास्त झालेला दिसला आहे.

धातू सुटतो, पण किती?

१९८३ साली प्रयोगशाळेत एक मोजमाप झाले. संपूर्ण तोंडाला लागेल एवढे साहित्य मिठाच्या पाण्यात ठेवले असता दिवसाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम निकेल आणि ३६ मायक्रोग्रॅम क्रोमियम सुटते, असे आढळले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता दुसरी बाजू पाहू. आपण रोज जे जेवतो त्यातूनच दिवसाला साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम निकेल शरीरात जाते. डाळी, हरभरा, शेंगदाणे, काजू, सोयाबीन, चॉकलेट यांत ते निसर्गतःच असते. स्टीलच्या भांड्यात टोमॅटो-चिंचेचे आंबट कालवण बराच वेळ शिजविले तरी थोडे निकेल अन्नात उतरते, आणि नव्या भांड्यातून ते अधिक उतरते. भांडे वापरात रुळले की हे प्रमाण घटते. तारेचेही तसेच आहे. तार बसविल्यावर पहिले काही दिवस-आठवडे धातू जास्त सुटतो, पुढे ते प्रमाण खाली येते, असे बऱ्याच तपासण्यांत दिसले आहे.

तेव्हा "पोटात विष जाते" ही भीती रास्त नाही. परंतु शंकेला एक जागा उरते. जेवणातले निकेल तोंडातून पाच-दहा मिनिटांत खाली जाते. तार मात्र दीड-दोन वर्षे गालाला, ओठाला, हिरडीला चिकटून असते. साऱ्या शरीराच्या हिशेबात रक्कम किरकोळ असली, तरी तिला टेकलेल्या पेशींच्या हिशेबात ती किरकोळ असेलच असे नाही. संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला.

पेशींची परीक्षा कशी घेतात?

प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात आई-बापाकडून आलेला वारसा, म्हणजे डी.एन.ए., जपून ठेवलेला असतो. पेशीला इजा झाली का, हे पाहण्याच्या दोन पद्धती अधिक वापरात आहेत.

एकीला धूमकेतू चाचणी म्हणता येईल. पेशी जेलीसारख्या पदार्थात बसवून तिच्यातून वीजप्रवाह सोडतात. डी.एन.ए. धड असेल तर ते गोल ठिपक्यासारखे एका जागी राहते. तुटलेले असेल तर तुकडे पुढे ओढले जातात आणि मागे शेपूट असलेल्या धूमकेतूसारखे चित्र दिसते. शेपूट जितकी लांब तितकी इजा अधिक. ही पद्धत आज ज्या स्वरूपात वापरतात ते १९८८ साली एन. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले.

दुसरी पद्धत सूक्ष्म केंद्रके मोजण्याची. पेशीचे विभाजन होताना डी.एन.ए.चा एखादा तुकडा मागे राहिला, तर तो मोठ्या केंद्रकाशेजारी छोट्या ठिपक्याच्या रूपात दिसतो. निरोगी माणसाच्या हजार पेशींत असा ठिपका असलेली एखाद-दुसरीच पेशी सापडते. हे प्रमाण वाढले, की काही तरी त्रास देत आहे असे समजावे.

तपासणीत काय आढळले?

इटलीत २००३ साली तार लावलेल्या ५५ जणांच्या आणि न लावलेल्या ३० जणांच्या गालाच्या पेशी तपासल्या गेल्या. तार लावलेल्यांच्या पेशींत निकेल तिपटीहून अधिक आणि कोबाल्ट अडीच पटीहून अधिक निघाले. धूमकेतूही जास्त दिसले. ही बातमी अर्थातच चिंतेची होती, आणि लोकांत पसरलेल्या भीतीचे मूळ अशाच निष्कर्षांत आहे.

पण हिशेबाची वही एका पानावर बंद करून चालत नाही. ब्राझीलमध्ये २००८ साली २० जणांची तपासणी झाली. तीत धूमकेतू चाचणीत फरक दिसला नाही, सूक्ष्म केंद्रके मात्र महिनाभराने थोडी वाढलेली दिसली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ जणांना तार बसविण्यापूर्वी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासले. तीन महिन्यांनी पेशींची जिवंत राहण्याची क्षमता घटलेली आणि डी.एन.ए.ची इजा वाढलेली होती. सहा महिन्यांनी मात्र तार न लावलेल्या मुलांच्या तुलनेत हा फरक उरला नव्हता. एक तर पेशी सरावल्या असाव्यात किंवा शरीराने दुरुस्ती केली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आपल्या भारतातही २०११ सालीच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तार काढण्याच्या वेळी मुलांच्या गालाच्या पेशींत सूक्ष्म केंद्रके वाढलेली होती. तार काढल्यावर ३० दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा ती खाली आलेली होती. अस्तर दोन आठवड्यांत नवे होते हे आम्ही वर सांगितलेच आहे. त्रास देणारी वस्तू गेली, नवे अस्तर आले, जुनी खूण पुसली गेली.

या सर्वांचा ताळेबंद असा निघतो. तार ही पेशींना अगदीच निरुपद्रवी नाही. तिचा त्रास बहुतेक पहिल्या काही महिन्यांत दिसतो, बेताचा असतो आणि पुढे ओसरतो. हे अभ्यास वीस-पंचवीस ते पन्नास-साठ जणांचे आहेत, म्हणजे लहान आहेत. त्यांतले निष्कर्षही सगळे एकसारखे नाहीत. म्हणून "काहीच होत नाही" असे ठासून सांगणाऱ्यावर आणि "कॅन्सर होतोच" असे ओरडणाऱ्यावर, दोघांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

मग कॅन्सरचे काय?

निकेल आणि कॅन्सर हे दोन शब्द एकत्र येतात ते कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९० साली निकेलच्या संयुगांना कॅन्सरकारक ठरविले. पण तो निर्णय प्रामुख्याने निकेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांतील कामगारांवरून झाला होता. वर्षानुवर्षे निकेलची धूळ आणि वाफ श्वासावाटे आत घेणाऱ्या या कामगारांना फुप्फुसाचा आणि नाकाच्या पोकळीचा कॅन्सर जास्त झाला. दातांच्या तारेतून सुटणारे अत्यल्प निकेल आणि भट्टीपुढे उभ्या कामगाराच्या छातीत जाणारी धूळ यांची बरोबरी होत नाही. ज्यांच्या घरातील माणूस मुलामा देण्याच्या किंवा वेल्डिंगच्या कामावर आहे, त्यांनी मुलीच्या तारेपेक्षा त्याच्या मास्कची आणि कारखान्यातील हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची काळजी आधी करावी.

पेशीत सूक्ष्म केंद्रक दिसणे म्हणजे कॅन्सर नव्हे. ती इजेची खूण आहे. गळून जाणाऱ्या पेशीबरोबर ती खूणही जाते. धोका तेव्हा वाढतो जेव्हा इजा रोज, वर्षानुवर्षे, दुरुस्तीला उसंत न देता होत राहते. असा शत्रू आपल्या घरांत आहे. पण तो तारेत नाही, तो तंबाखूच्या पुडीत आहे.

खरा शत्रू ओळखा

१९८२ साली हान्स श्टिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पान-सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या पेशी याच पद्धतीने तपासल्या, तेव्हा सूक्ष्म केंद्रके स्पष्टपणे वाढलेली आढळली. तारेची परीक्षा घेणारी पद्धत तंबाखू-सुपारीची परीक्षा आधीच घेऊन बसली होती. तंबाखूचा निकाल मात्र तार काढल्यासारखा महिनाभरात पुसला जाणारा नाही. तोंडाचा कॅन्सर हा भारतातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक चघळणारे किंवा दाताला लावणारे.

महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू मिसळण्यास तर केंद्र सरकारने १९९२ सालीच मनाई केली. पण तव्यावर तंबाखू भाजून घरीच मशेरी तयार होते, तिला कोणता कायदा अडविणार? आजी मशेरी लावते, आई लावते, आणि "दात दुखतो का, जरा मशेरी लाव" म्हणून तीच बोटभर तार लावलेल्या नातीलाही दिली जाते. आमच्या माता-भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे. ज्या घरात तारेच्या धातूची चिंता आहे, त्या घरात मशेरीचा डबा राहता कामा नये. तारेने आधीच चिडलेल्या पेशींवर तंबाखूचा मारा म्हणजे जखमेवर मीठ आहे.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, तार बसविण्यापूर्वी डॉक्टरांना सांगण्याची. खोटे कानातले घातले की मुलीचे कान खाजतात, सुजतात का? घड्याळाच्या पट्ट्याखाली, पँटच्या बटणाजवळ पुरळ येते का? तसे असेल तर तिला निकेलची ॲलर्जी असू शकते. अशा मुलांसाठी टायटॅनियमचे, सिरॅमिकचे किंवा अत्यल्प निकेलचे साहित्य मिळते. ते महाग पडते, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. तार बसल्यावर तोंडात सतत आग होणे, ओठ सुजणे, हिरड्या विनाकारण लाल होणे, अंगावर पुरळ येणे, असे काही झाले तर तारीख येण्याची वाट न पाहता दाखवावे. पहिल्या आठवड्यात गालाला तार टोचून छाले पडणे ही मात्र नेहमीची गोष्ट आहे. त्यासाठी डॉक्टर मेण देतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. तारेभोवती अन्न अडकते, कीटण साचते, जंतू आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातांवर पांढरे डाग पडतात, हिरड्या सुजतात आणि धातूही अधिक सुटतो. म्हणजे एका अस्वच्छतेचे तीन तोटे. मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, तारेच्या वरून व खालून, घाई न करता दात घासावेत. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरावी. फ्लोराइडची साधी टूथपेस्ट चालते. जास्त तीव्र फ्लोराइडचे जेल मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावे, कारण आम्लयुक्त जेल टायटॅनियमच्या तारेला खाते.

तिसरी गोष्ट खाण्याची. बाटलीबंद थंड पेये, चिंचेच्या गोळ्या, चिकट चॉकलेटे यांना या काळात रजा द्यावी. ऊस, बोरे, कडक चिक्की दातांनी तोडू नये. तार तुटते, कडी सुटते आणि उपचार लांबतो.

चौथी गोष्ट वेळेची. साधारण दीड-दोन वर्षांचा उपचार तारखा चुकविल्याने तीन वर्षांवर जातो. जितके दिवस तार तोंडात, तितके दिवस पेशींचा तिच्याशी संबंध. एक दिवसाचा खाडा पडेल म्हणून तारीख चुकवू नये.

पाचवी गोष्ट, कुणाकडे जावे याची. दात सरकविण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर म्हणजे बी.डी.एस. नंतर याच विषयात तीन वर्षांची एम.डी.एस. केलेला. पाटीवर नाव आहे एवढ्यावर न जाता शिक्षण आणि नोंदणी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई सेंट्रलच्या महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो. रांग असते, फेऱ्या माराव्या लागतात, पण साहित्य आणि देखरेख योग्य मिळते.

आणि एक सावधगिरी. लाळेतील पेशींच्या या चाचण्या संशोधनासाठी आहेत. "तुमच्या मुलीच्या लाळेची तपासणी करून धातू काढून टाकतो" असे सांगून कुणी पावडर, काढा किंवा पॅकेज विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

काही घरांत मुलीच्या लग्नाची चिंता म्हणून तार लावली जाते आणि मुलाचे दात तसेच सोडले जातात. हेही योग्य नाही. एकावर एक चढलेले दात नीट घासता येत नाहीत, पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात. हा आरोग्याचा प्रश्न आहे, बघण्याच्या कार्यक्रमाचा नव्हे. मुलगा असो वा मुलगी, गरज असेल त्याला उपचार मिळाला पाहिजे, आणि गरज नसेल तर केवळ हौसेखातर दोन वर्षे धातू तोंडात बाळगण्याचे कारण नाही.

तेव्हा पालकहो, अर्ध्यावर असलेला उपचार ऐकीव भीतीने सोडू नका. पुढच्या तारखेला जाताना मनातल्या शंका कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. शंका विचारण्यात कमीपणा नाही. आणि घरी परतल्यावर तो मशेरीचा डबा शोधून काढा.